हुकूम मिळेपर्यंत

आधी पायांकडे बघा. बूट तुमचे नाहीत. जाड काळं चामडं, टाचेला लोखंडी नाल, तळाला खिळ्यांच्या रांगा. अर्धा नंबर मोठे आहेत म्हणून आत दोन मोजे चढवलेले. वर कॅनव्हासचे अँकलेट. कमरेच्या पट्ट्याचं पितळी बक्कल काल रात्री ब्रासो लावून घासलंय, तरी एका कोपऱ्यात हिरवट डाग राहिलाच आहे आणि तो उस्तादांना दिसणारच आहे. खाकी हाफपँट कांजी घालून कडक केलेली. डोक्यावर बेरे टोपी. तिचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या बरोबर वर आहे की नाही, हे चाचपायला हात वर नेऊ नका. सावधान झालंय. आता हलायचं नाही.

साल १९६३, महिना डिसेंबर, पहाट. देवळालीच्या पलीकडचा उघडा माळ. वारा गोदावरीच्या खोऱ्यातून येतोय आणि त्याला अडवायला एक झाड नाही. तुमचं वय एकोणीस. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एचपीटीत, तुम्ही बी.ए. करताय. गाव विंचूर, तालुका निफाड. घरी कांदा, थोडा गहू, एक विहीर. सैन्यात जायचा तुमचा विचार नव्हता, आजही नाही. तरीही तुम्ही इथं आहात, कारण यंदापासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली आहे.

सक्ती कुठून आली हे या माळावर कुणाला सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी २० ऑक्टोबरला चिनी फौजा लडाखात आणि ईशान्येकडच्या नेफात घुसल्या. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. २१ नोव्हेंबरला चीननं आपणहून युद्धबंदी जाहीर केली, पण त्या महिन्याभरात देशाचा जो पाणउतारा झाला तो अजून ताजा आहे. विंचूरच्या चावडीवर रेडिओभोवती माणसं उभी राहून बातम्या ऐकायची, आणि बातम्या संपल्या की कुणी काही न बोलता घरी जायचं. संरक्षण निधीला तुमच्या आईनं पुतळ्यांच्या माळेतल्या दोन पुतळ्या काढून दिल्या. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री झाले, आणि यंदा लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. म्हणजे देशाचा संरक्षणमंत्री आता तुमचा खासदार आहे. या जिल्ह्यातल्या पोरानं कवायतीला दांडी मारणं म्हणजे घरच्या कार्याला न जाण्यासारखं, असं अण्णा, तुमचे वडील, म्हणाले होते.

तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. दोन वर्षांनी १९६५ चा सप्टेंबर उजाडेल तेव्हा एनसीसीची मुलं नागरी संरक्षणाच्या कामात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतून मदतीला उभी राहतील. १९६८ मध्ये ही सक्ती उठेल. पण ते इथं बोलायचं नाही. इथं बोलायचंच नाही.

‘‘परेड! लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में खडा हो!’’

हुकूम हिंदीत, पण आवाज साताऱ्याकडचा. सुभेदार साहेब मराठा लाइट इन्फंट्रीचे. वय चाळिशीच्या पुढं, मिशा कातरलेल्या, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. महायुद्धात इटलीत होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पोरांची नावं पाठ करायच्या भानगडीत ते पडत नाहीत, गावाच्या नावानं हाक मारतात. त्यामुळे या माळावर ओझर पळतं, सिन्नर ठेचकाळतं, चांदवड बटण लावायला विसरतं. आणि तुम्ही विंचूर.

रांग उंचीनं लागते. लहानपणापासून तुम्ही अनेक रांगांत उभे राहिलात. गावात पंगत बसते, तीही एक रांगच. कोण कुणाशेजारी बसणार हे तिथं आधीच ठरलेलं असतं, आणि कोण बसणारच नाही हेही. लग्नात, जत्रेत, विहिरीवर, कोण पुढं आणि कोण मागं हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. इथं मात्र सुभेदार साहेब एका टोकाला उभे राहून फक्त डोक्यांकडे बघतात. कुणाचं डोकं वर, कुणाचं खाली. ‘‘ए विंचूर, दोन माणसं सोडून डावीकडं हो. आणखी एक. बास.’’ तुमच्या उजव्या खांद्याला ज्याचा खांदा लागतो तो तुमच्याहून बोटभर उंच आहे. काळासावळा, रुंद मनगटांचा. त्याला हाक पडते ‘येवला’.

येवला म्हणजे तुमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यावरचंच पुढचं मोठं गाव. एसटीच्या खिडकीतून तुम्ही ते कितीदा पाहिलंय. हा मुलगा मात्र तुम्ही कधी पाहिलेला नाही. त्याचे वडील मनमाडला रेल्वेत आहेत. चुलता महार रेजिमेंटमध्ये, म्हणून बुटांना पॉलिश कसं करायचं हे त्याला घरूनच येतं. आधी फडक्यानं पातळ थर, मग त्यावर थुंकी, मग करंगळीएवढी गोल गोल फिरवाफिरव, टोकात चेहरा दिसेपर्यंत. पहिल्या रात्री कंदिलाच्या उजेडात त्यानं तुमच्या बुटाचं एक टोक करून दाखवलं आणि दुसरा बूट तुमच्यासमोर सरकवला. हा तुझा तू कर.

शिबिराचे पहिले दिवस अंगावरून जातात ते नुसते दुखण्याच्या हिशेबानं. शिट्टी वाजते तेव्हा तंबूच्या कापडाला आतून दव आलेलं असतं. मगभर चहा, मग पीटी. पांढरी बनियन, खाकी चड्डी, कॅनव्हासचे बूट आणि निफाडच्या बाजूची थंडी, जिच्यात घरी तुम्ही गोधडीतून तोंड बाहेर काढत नव्हता. माळाला एक फेरी, मग दुसरी. शेतात राबलेलं शरीर आपलं, पळणं काय अवघड, असं तुम्हाला वाटलं होतं. पण शेतातलं काम आपल्या चालीनं चालतं. दमलं की बांधावर बसता येतं, तंबाखू मळता येते. इथं चाल दुसऱ्याची आहे. दुसऱ्या फेरीला छातीत सुया टोचतात आणि मागून आवाज येतो, ‘‘पाय उचला, वैरण न्हाई आणायची!’’

अडथळ्यांच्या मैदानावर सहा फुटी भिंत आहे. तिच्यापुढं तुमचं एकोणीस वर्षांचं पौरुष पहिल्याच दिवशी उघडं पडतं. धाव घेऊन एक पाय भिंतीला लावायचा, हात वरच्या कडेला अडकवायचे आणि अंग ओढून घ्यायचं. तुम्ही दोनदा घसरता. कोपराची कातडी जाते. तिसऱ्यांदा खालून कुणीतरी तुमच्या बुटाखाली गुडघा देतं. तुम्ही वर जाता, पलीकडं पडता, उठता. मागून येवला एका उडीत भिंत पार करून येतो. त्याच्या मांडीवर तुमच्या बुटातल्या खिळ्यांची नक्षी उमटलेली आहे. तो ती बघत नाही, पळत राहतो. संध्याकाळी तुम्ही माफी मागायला जाता तेव्हा म्हणतो, ‘‘उद्या मला दोरीवर लागेल तुझी मदत. मला वरून खाली बघवत नाही.’’

खरं शिकणं मात्र भिंतीवर नाही, मैदानावरच्या कवायतीत आहे, आणि इथं थोडं थांबून बघण्यासारखं आहे.

तुकडी तीन-तीनच्या ओळीत चालते आहे. हुकूम येतो, ‘‘दाहिने घूम!’’ अख्खी तुकडी उजवीकडं वळायची आहे, पण ओळ मोडायची नाही. आता विचार करा. तिघांपैकी जो आतल्या बाजूला आहे त्याला जेमतेम जागच्या जागी पाय टाकायचेत. जो बाहेर आहे त्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. मधला दोघांकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत मध्यम पावलं टाकतो. तिघांचे पाय एकाच ठेक्यावर पडतात, पण तिघांची पावलं वेगळी. तुम्ही आत आहात, येवला बाहेर. पहिल्यांदा तुम्ही सवयीनं पुढं निघून जाता आणि ओळ फाटते. दुसऱ्यांदाही तेच. पाय पुढं जायला मागतात, त्यांना आखडून धरणं हे पळण्यापेक्षा जड आहे. पोटऱ्या थरथरतात. सुभेदार साहेब तुमच्यापाशी येऊन उभे राहतात.

‘‘विंचूर, कुठं चाललास?’’

‘‘पुढं, उस्ताद.’’

‘‘पुढं कोण हाय?’’

पुढं कुणी नाही. तुमचे दोघं जोडीदार मागं वळणावरच आहेत.

‘‘आत हायेस ना? मग तुझं काम थांबायचं. भायेरचा येस्तवर थांबायचं. थांबताना पाय चालू ठिवायचा. मेलेला माणूस बी थांबतो, त्यात काय!’’

मग दिवसभर तेच. दाहिने घूम, बाएँ घूम. बाएँ घूम म्हटलं की तुम्ही बाहेरचे होता आणि येवला आत थांबतो. तेव्हा कळतं की तो खरोखर थांबतो. तुम्ही लांब ढांगा टाकत वळसा घालून येता तेव्हा तो तिथं असतो, पाय आपटत, मान सरळ, नजर तुमच्या खांद्यावर. दुपारच्या सुमाराला कधीतरी, नेमकं केव्हा ते सांगता येत नाही, साठ बुटांचा एकच आवाज येतो. कुणी टाळ्या वाजवत नाही. सुभेदार साहेब फक्त ‘‘थम’’ म्हणतात आणि रुमालानं मान पुसतात.

व्यायामानं दंड भरतात, छाती रुंदावते, हे खरं. त्यासाठी तालीम होती, आखाडा होता. विंचूरहून फार लांब नाही ते गोदाकाठचं कोठुरे, तिथल्या बाळंभटदादा देवधरांनी तर मल्लखांबाची सगळी विद्या उभी केली असं सांगतात. पण आखाड्यात माणूस आपलं अंग घडवतो. आपल्याहून हळू किंवा जलद माणसासाठी पाऊल लहानमोठं करायला तिथं कुणी शिकवत नाही. ते इथं शिकवतात. नागरिकाला फौजी शिस्तीतून काही घेऊन जायचं असेल तर ते हे, असं मला ठामपणे वाटतं. बाकीचं, म्हणजे कडक इस्त्री, ओरडून बोलणं, सलाम ठोकणं, फौजेकडंच राहू दे.

जेवणाची शिट्टी. लंगर म्हणजे तीन चुली, मोठाली पातेली आणि लाकडी उलथन्यानं वरण ढवळणारे दोघं जवान. थाळी आणि मग हातात घेऊन रांग, पुन्हा उंचीनंच, कारण परेडवरून थेट इथं आणलंय. जाड चपात्या, पिवळं वरण, बटाट्याची भाजी. तुम्ही येवल्याच्या मागं. त्याच्या थाळीत पडलेला पळा तुमच्या थाळीत येतो. पाण्याचं एकच पिंप, त्याला साखळीनं बांधलेला एकच मग. तो पितो, तुमच्याकडं देतो.

क्षणभर तुमचा हात थांबतो. खोटं कशाला बोलायचं, थांबतो. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, पुढं काही वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या सभेला या मुलाचे वडील पोरसवदा वयात गेले होते. हे त्यानंच काल रात्री तंबूत सांगितलं, आपण शाळेत कुठल्या बाकावर बसायचो हे सांगावं तसं. १९५६ मध्ये त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. तुमच्या गावात त्यांच्या समाजाची विहीर वेगळी आहे. त्या विहिरीकडं तुम्ही आजवर कधी गेला नाहीत, आणि गेला नाहीत हे तुमच्या कधी ध्यानातही आलं नाही.

मागून कुणीतरी ओरडतं, ‘‘विंचूर, मग लग्नात आहेर देणार का त्या मगाचा?’’ तुम्ही पिता. पाणी पाण्यासारखंच थंड आहे.

रात्री शेकोटीला परवानगी मिळते. तुमच्या तुकडीबरोबर आलेले एनसीसीचे अधिकारी कॉलेजात इतिहास शिकवतात. दिवसा गणवेशात त्यांचं पोट पट्ट्यावर येतं आणि ते फारसं बोलत नाहीत. आगीपाशी बसले की मात्र त्यांच्यातला शिक्षक जागा होतो. ते तुम्हाला विचारतात, ‘‘विंचूरचा ना तू? वाडा पाहिलायस?’’

वाडा कुणी पाहिलेला नाही? गावात विंचूरकर सरदारांचा वाडा म्हणजे शाळा सुटल्यावर लपाछपीची जागा. पुण्यातल्या विंचूरकर वाड्यात टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला हेही तुम्हाला ठाऊक. पण ते विचारतात ते वेगळंच.

‘‘पानपतावर विठ्ठल शिवदेव कुठं उभे होते?’’

आणि मग आग तशीच राहते, माळ तसाच राहतो, पण तुम्ही आणखी दोनशे वर्षं मागं जाता. १४ जानेवारी १७६१. पुन्हा थंडी, पुन्हा पहाट, पण पोटात अन्न नाही. मराठ्यांची फौज गोल करून निघाली आहे. बाहेरच्या अंगाला तोफा आणि बंदुकवाले, मधे बायका-माणसं, यात्रेकरू, बुणगे, आणि सगळ्यांनी मिळून, जागा न सोडता, शत्रूला ढकलत पुढं सरकायचं. डाव्या हाताला इब्राहिमखान गारदी, त्याच्यालगत दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर. गारद्यांची पलटण कवायती. बुसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखालची शिस्त तिच्यात मुरलेली. त्यांच्या तोफांनी आणि बंदुकांनी समोरच्या रोहिल्यांची रांग फाटू लागते. रोहिले मागं हटताहेत. ते उघड्या डोळ्यांनी दिसतंय.

तुम्ही विंचूरकरांच्या घोडेस्वारांत आहात. मांडीखालचं जनावर भुकेनं खंगलेलं, तरी मैदान बघून फुरफुरतंय. समोर पाठ दाखवणारा शत्रू. तुमच्या बापानं, आज्यानं तुम्हाला एकच शिकवलंय, शत्रू डळमळला की तुटून पडा. थांबा असं तुम्हाला कधी कुणी शिकवलेलंच नाही. कुणीतरी भाला उंचावतो आणि घोडे सुटतात.

आणि सुटलेले घोडे आपल्याच तोफांच्या तोंडासमोर येतात. मागून गारद्यांना मारा थांबवावा लागतो. रोहिले वळतात, गुडघे टेकतात, बंदुका भरतात. पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

सर सांगतात की या प्रसंगाबद्दल इतिहासकार आणि बखरी सगळ्याच बाबतीत एकमतानं बोलत नाहीत, आणि एका दिवसाच्या पराभवाचं खापर दोन सरदारांवर फोडणं बरं नव्हे. उपासमार होती, सूर्य डोळ्यांवर आला होता, अब्दालीकडं ताज्या दमाची राखीव फौज होती. विठ्ठल शिवदेव भित्रे तर मुळीच नव्हते. सासवडकडून आलेला साधा शिलेदार पराक्रमावर सरदार झाला, कोकणात सिद्दीशी लढला, वसईच्या मोहिमेत होता, पानपतावरून जिवंत परत आला आणि १७६७ मध्ये वारला. ‘‘पण बघा,’’ ते म्हणतात, ‘‘गोल ही कवायतीची लढाई. ज्यांनी आयुष्यात कधी कवायत केली नाही त्यांना ती एका सकाळी कशी जमावी? शौर्य कमी पडलं नाही. थांबायचा सराव कमी पडला.’’

सुभेदार साहेब इतका वेळ गप्प होते. ते काठीनं निखारे सारखे करतात. ‘‘इटलीत सेनियो नदी होती,’’ ते म्हणतात. ‘‘पंचेचाळीस सालचा एप्रिल. आमच्या रेजिमेंटचा नामदेव जाधव, तुमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, निमजचा. समदी कापली गेली, हा एकटा उरला. पाण्यातनं, सुरुंगातनं जखमी माणसं पाठीवर घिऊन माघारी आणली. माघारी! मग परत गेला आणि मशिनगनी बंद केल्या. त्याला इक्टोरिया क्रॉस भेटला. मी पोरांना सांगतो, आधी माघारी आला ते ध्यानात ठिवा.’’

बाकीचे उठून तंबूत जातात. येवला बसून राहतो. तो विचारतो, ‘‘सर, त्या गोलात मधे जी माणसं होती, बुणगे, ती कोण?’’ सर थोडा वेळ आगीकडं बघतात. ‘‘घोड्यांचं गवत कापणारे, पाणी आणणारे, पालं ठोकणारे. हजारो होते. त्यांची नावं बखरीत नाहीत.’’ येवला मान हलवतो आणि उठतो.

फायरिंगच्या दिवशी सगळ्यांना उत्साह आहे. थ्री-नॉट-थ्री आजवर फक्त उचलली, खांद्यावर घेतली, खोलली आणि जोडली. तीही दोघांत एक, कारण एवढ्या मुलांना पुरतील इतक्या बंदुका नाहीत आणि काहींच्या हातात नुसत्या कवायतीच्या, गोळी न उडणाऱ्या आहेत. आज खऱ्या गोळ्या आहेत, प्रत्येकी पाच. पोटावर आडवे व्हा. बटाची पाठ खांद्याच्या खळगीत घट्ट धरा, सैल धरलीत तर हसळी सुजेल. मागच्या खाचेतून पुढच्या टोकाकडं, टोकावरून काळ्या ठिपक्याच्या खालच्या कडेकडं. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबवा. घोडा ओढू नका, दाबत न्या. आवाज होतो तो कानापेक्षा जबड्यात जास्त. पाच गोळ्या संपतात आणि तुमच्या नाकात जळक्या दारूचा वास राहतो.

मग खोके मोजले जातात. उडालेल्या गोळीचं रिकामं पितळी नळकांडं म्हणजे खोका. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोके परत जमा व्हायला हवेत. एक कमी आहे.

कुणाचा, हे विचारलं जात नाही. सगळी कंपनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर, गुडघ्यांवर. कुसळाच्या गवतातून बोटं फिरवत पुढं सरकायचं. मैदान संपलं की वळून पुन्हा. ऊन उतरतं. जेवणाची वेळ होऊन जाते. गवताची कुसळं मोज्यांतून आत शिरतात. सिन्नर पुटपुटतो की एका भंगार नळीसाठी दोनशे माणसं उपाशी. सुभेदार साहेबही ओळीत आहेत, गुडघ्यांवर, त्यांचं अर्धं बोट गवतातून फिरतंय. दिवे लागायच्या सुमाराला चांदवडला तो सापडतो, रेताडीत निम्मा रुतलेला. साहेब तो हातात घेतात, फुंकर मारतात, पेटीत टाकतात आणि कारकुनाला म्हणतात, ‘‘लिव्ह, पूर्ण.’’ एवढंच. त्या रात्रीचं वरण गार होतं आणि तुम्ही पाच चपात्या खाता.

शेवटच्या दिवशी संचलन, पाहुण्यांचं भाषण, गणवेश जमा. बूट परत करताना तुम्हाला वाईट वाटतं. देवळाली स्टेशनवर पॅसेंजर येते, इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जातो. नाशिकरोडला बरीच मुलं उतरतात. लासलगावला तुम्ही आणि येवला उतरता. यार्डाच्या बाजूनं कांद्याच्या गाड्या लागलेल्या, हवेला ओला उग्र वास. तिथून विंचूर पाच-सहा किलोमीटर. टांग्याचे पैसे वाचवायचे म्हणून दोघं चालत निघता, आणि बोलता बोलता पाय एका ठेक्यात पडायला लागतात. तुमच्या ध्यानात येतं, त्याच्याही येतं, कुणी बदलत नाही.

तीनपाटीवर कळतं की येवल्याची एसटी गेली. पुढची पावणेचारला. तो फाट्यावरच्या झाडाखाली ट्रंक ठेवतो आणि तिच्यावर बसतो. ‘‘जा तू,’’ म्हणतो. ‘‘मी बसतो इथं.’’

भर दुपार. तुमच्या घरी आईनं बाजरीच्या भाकरी केलेल्या असणार, वांग्याचं भरीत असणार. घर पंधरा मिनिटांवर. त्याला भूक लागलीय हे तुम्हाला दिसतंय, आणि घरी पहिला प्रश्न काय विचारला जाईल हेही माहीत आहे. या फाट्यावर हुकूम द्यायला कुणी उस्ताद नाही. थांबायला तुम्ही चांगलं शिकलात, पण इथं थांबलात तर ते थांबणं वेगळं असेल.

तुम्ही ट्रंकेचं एक कडं उचलता. ‘‘चल.’’

तो बघत राहतो. ‘‘घरी विचारलंस?’’

‘‘चल म्हणतो ना. दुसरं कडं धर.’’

ओसरीवर अण्णा सुपारी कातरत बसलेत. तुम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलतो. वाळलास रे, म्हणतात. मग पाहुण्याला विचारतात, ‘‘कुठले तुम्ही? आडनाव काय?’’ येवला आपलं आडनाव सांगतो, सरळ उभा राहून, नजर समोर. अडकित्ता थांबतो. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन आलेली आहे, तीही थांबते.

तुम्ही तिच्या हातातून तांब्या घेता आणि त्याच्या हातात देता. ‘‘आई, आम्ही दोघं एकाच लंगरात जेवत होतो. दोन ताटं वाढ. याची पावणेचारची गाडी आहे.’’

अण्णा काही बोलत नाहीत. उठतात, खुंटीवरचा पटका घेतात आणि मळ्याकडं निघून जातात. रात्री काय ते बोलतील, किंवा महिनाभर बोलणार नाहीत. आई थोडा वेळ त्यांच्या पाठीकडं बघते. मग आत जाते. भांड्यांचा आवाज येतो.

‘‘हातपाय धुऊन घ्या दोघं,’’ ती आतून म्हणते. ‘‘भरीत तिखट झालंय जरा. त्याला चालतं का विचार.’’